निळ्या बोटीचा निकाल

शैला, आज ताडपत्री काढली.

तुझ्या गाठी सोडवता सोडवता सकाळ गेली. तू बांधलेली गाठ म्हणजे ओढावी तशी आवळत जाणार. रुचा म्हणाली, "बाबा, कापा ना दोरी सरळ." मी लेकीवर उगाच खेकसलो. आईने बांधलीय, कापायची नाही. शेडच्या मागे दोघं उकिडवे बसलो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक गाठ उकलत राहिलो. तुझ्या हातची शेवटची गाठ सुटली तेव्हा मला रडू आलं, आणि रुचाने तोंड दुसरीकडे फिरवलं. ती तुझ्यावर गेलीय. समोरच्याला रडू द्यायचं, पण बघायचं नाही.

तू जाऊन अजून महिना पुरता झालेला नाही. घरी माणसं येतात. चहा घेतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि सांगतात की वहिनी किती शांत होत्या, किती सोशिक, कधी आवाज चढवला नाही. मी मान हलवतो. मनात म्हणतो, ही कुठली बाई? माझ्या घरात तर अशी कोणी राहत नव्हती. माझ्या घरात एक भांडखोर बाई होती, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पुरून उरणारी. मला ती परत हवीय. या शांत बाईंशी माझी ओळखच नाही.

म्हणून इथे येऊन बसलो. ताडपत्री झटकली तर वाळलेला झेंडू पडला, पालीची अंडी पडली, आणि खाली तुझी निळी बोट जशीच्या तशी. आज तिचा निकाल लावायचाय. दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे की नाही, एवढाच प्रश्न. आयुष्यभर हेच करत आलो, एरवी चहा गार व्हायच्या आत सांगून मोकळा होतो. पण रुचाने घाटावर कावळ्यासमोर एक शब्द दिलाय, आणि तू हॉस्पिटलात माझ्याकडून दुसराच शब्द घेतलायस. हे दोन्ही शब्द या एका बोटीत चढून बसलेत, आणि मी काठावर उभा आहे.

आपल्या अंबडच्या शेडने फायबरचं काय नाही बनवलं. पाण्याच्या टाक्या, वॉचमनच्या केबिनी, बागेतल्या घसरगुंड्या, देवळांचे कळस. आणि दुरुस्तीला यायची ती बदकं. पायाने पॅडल मारायच्या बदकाच्या बोटी. जिथे म्हणून तळं आणि तळ्याकाठी भेळेची गाडी, तिथली बदकं एकदा तरी माझ्या हाताखालून गेलीत. तू त्यांच्या चोचींना रंग द्यायचीस. रंग जुळवणं तुझंच काम होतं. मी पिवळा म्हणायचो त्यात तुला चार पिवळे दिसायचे, आणि त्यातला नेमका तू काढून दाखवायचीस.

धरणाच्या बॅकवॉटरवरचा तो रिसॉर्ट बंद पडला तेव्हाही मी बदकंच बघायला गेलो होतो. तू सोबत आलीस, कारण पाणी म्हटलं की तू येणारच. बदकं दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. त्यांच्या मागे, बाभळीखाली ही बोट, सरळ ठेवलेली, काठोकाठ पावसाच्या पाण्याने भरलेली. मालक म्हणाला, "उचलून न्याल तर उपकार होतील." मी तळाला अंगठा लावला, मागची फळी बघितली आणि तुला म्हटलं, चल. तू हललीच नाहीस.

"घेऊ या," म्हणालीस.

"शैला, ही गेलेली आहे."

"उघडून बघितलं का?"

"उघडायला कशाला पाहिजे?"

"मग नका सांगू. न उघडता सांगणारे लय पाहिलेत."

रागावलीस की तुझं सायखेडं बाहेर पडायचं. माहेरचं गाव गोदावरीच्या काठावर, पूर आला की गावात होडी फिरायची. मोठी माणसं देवाचा धावा करत असताना तू मात्र आता होडीत बसायला मिळणार म्हणून खूश. लग्न होऊन नाशकात आलीस तेव्हा माझ्या आईला म्हणाली होतीस, माहेरी नदी होती, सासरी नळ मिळालाय, तोही दिवसाआड. आईने महिनाभर तो किस्सा गल्लीभर सांगितला.

त्या बोटीत बेडकांची पिल्लं होती. पाणी ओतून टाकू म्हटलं तर तू मला रिसॉर्टची बादली आणून दिलीस आणि ती पिल्लं धरणात सोडेपर्यंत टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलंस. तो वैतागला होता. मग चार माणसांनी बोट वर चढवली, दोऱ्या बांधल्या, आणि मी पुढे केबिनमध्ये बसायला गेलो तर तू जागेवर नाहीस. मागे बघतो तो तू टेम्पोवर, बोटीत, मधल्या फळीवर पदर खोचून बसलेली. उतर म्हटलं, ऐकलं नाहीस. ड्रायव्हर म्हणाला, "काका, बसू द्या, हळू घेतो."

गंगापूर रोडने आपली वरात आली. द्राक्षांच्या बागेत काम करणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या, आणि तू त्यांना हात करत होतीस. सिग्नलला एका शाळेच्या बसमधली सगळी पोरं खिडकीला आली. मला लाजेने कुठे तोंड लपवू झालं होतं. आज वाटतं, त्या केबिनमध्ये मी बसलोच कशाला? वर तुझ्यासमोरची फळी रिकामी होती. त्या बोटीतून तू केलेला तो एकच प्रवास, तोही डांबरी रस्त्यावरचा, आणि मी काचेमागे पाठमोरा होतो.

पुढचं भांडण आपलं किती चाललं ते शेडच्या भिंतींना विचारावं. मी म्हणायचो, मागची फळी कुजलीय, मोटार तिच्यावरच टांगायची असते, पाण्यात मध्येच फळी फाटली तर बोट मागून भरते आणि नाक वर करून जाते. तू म्हणायचीस, वाजवून दाखवा. मी म्हणायचो, वेळ नाही. तू म्हणायचीस, बदकांना वेळ आहे.

वाजवून बघणं. यावरूनही भांडण होतंच. माझं म्हणणं, ती माझी विद्या. नायलॉनची हातोडी घ्यायची, बोटीच्या अंगावर हळूहळू ठोकत जायचं. फायबरचे थर एकमेकांना धरून असतील तर आवाज खणखणीत येतो. आत थर सुटले असतील, लाकूड भिजलं असेल, पाणी शिरलं असेल, तर बद्द. तुझं म्हणणं, हे मी तुझ्याकडून उचललं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण माठ आणायला गेलो, तू बोटाच्या पेराने एकेक माठ वाजवलास आणि कुंभारणीला म्हणालीस, "मावशी, हा बद्द वाजतोय, दुसरा दाखवा." तो दुसरा माठ किती उन्हाळे टिकला. पण मी शेवटपर्यंत कबूल केलं नाही की ही विद्या तुझी. आताही करत नाहीये. तू असतीस तर केलंही असतं कदाचित, चिडवून चिडवून तू वदवून घेतलं असतंस.

रंग तू आधीच तयार करून ठेवला होतास. बोट होणार की नाही याचा पत्ता नाही, आणि बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी आणून त्यात निळा कालवला. या बोटीचा मूळचा निळा, उन्हाने उडण्याआधीचा. तो वाटीतच वाळला. ती वाटी माझ्या टेबलावर आहे. रुचाने घासून बघितली, निघत नाही. मी म्हटलं, राहू दे.

मग दसरा आला. दरवर्षीसारखी तू हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेडभर फिरलीस. ग्राइंडर, कॉम्प्रेसर, साचे, सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना झेंडू. मी पुढे दाराला तोरण बांधत होतो. तू मागे बोटीकडे गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. बघायला आलो तर तू मागच्या फळीशी वाकून पदराने काहीतरी पुसत होतीस. काय झालं, विचारलं. "काही नाही, कुंकू सांडलं." त्या दिवशी जेवताना तू बोटीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं, दमलीस. दमलीच होतीस म्हणा. दिवाळीनंतर आपण डॉक्टरांकडे गेलो आणि मग शेड कुठली आणि बदकं कुठली.

त्या महिन्यांबद्दल मला लिहायचं नाही. औषधांच्या फेऱ्या, मग तपासण्या, मग पुन्हा फेऱ्या. तुझे केस गेले तेव्हा तू आरशासमोर उभी राहून म्हणालीस, "आता मी त्या बदकांसारखी गुळगुळीत." मी हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. दुसऱ्या फेरीनंतर तू म्हणालीस, पुरे. मी म्हटलं, मुंबईला नेतो. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, अजून एक मोठे डॉक्टर आहेत. तू म्हणालीस, नको. मी आवाज चढवला. तू उशीला टेकून माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "त्या बिचाऱ्या बोटीला तुम्ही दोन मिनिटांत मोडीत काढलं. माझ्या बाबतीत बरी लय आशा हाय तुम्हाला."

बोटीत मी कधी बसलो नव्हतो, शैला. तुझ्यासोबत सगळा जन्म काढला होता.

आणि ती सकाळ. डॉक्टर तरुण होता, राउंडला आला. तुला उठवून बसवलं, तुझ्या पाठीवर डावा हात पसरला, आणि उजव्या हाताच्या बोटाने त्या हातावर ठोकत ठोकत वरून खाली गेला. टकटक, टकटक. मी पायथ्याशी उभा होतो. मला माहीत नव्हतं की डॉक्टर लोकही वाजवून बघतात. डावी बाजू ठोकली, मग उजवी. मग उजवीकडे खाली आला. त्याने काही लिहिलं, नर्सला इंग्रजीत काही सांगितलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

तू मान वळवलीस. "काय ऐकलंत?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? माणूस म्हणजे बदकाची बोट आहे का?"

तू हसलीस, हसता हसता खोकला आला, तो थांबेना. थांबला तेव्हा तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बरं. माझं राहू द्या. बोटीच्या बाबतीत तरी खोटं बोलू नका. मी गेल्यावर रडत रडत ती दुरुस्त करत बसाल, मला ठाऊक आहे. तसं नका करू. चांगली असली तर करा, नसली तर नाही म्हणा. पण वाजवून बघा. आणि जे ऐकू येईल ते सांगा."

मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "शब्द?" मी म्हटलं, शब्द.

तेव्हा मी तुला खरं का सांगितलं नाही, असं रुचा एकदा विचारणार आहे. विचारू दे. पुन्हा ती सकाळ आली आणि तू पुन्हा तसंच विचारलंस तर मी पुन्हा तेच सांगेन, एवढं मला माहीत आहे. बायकोच्या पाठीचा निकाल द्यायला मी बसलेलो नाही. निदान आजपर्यंत तरी मी स्वतःला हेच बजावत होतो.

दहावा गोदाघाटावर केला. सगळा देश इथे येतो, आपल्याला फक्त रिक्षा करावी लागली. तुझ्या अस्थी त्याआधीच पाण्यात सोडल्या होत्या, तेव्हा तुझा भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "दाजी, खाली वाहत गेली म्हणजे वाटेत आपलं सायखेडं लागतं." त्या एका वाक्याने मला जितकं बरं वाटलं तितकं महिनाभरात कशाने वाटलं नाही. शेवटी तू माहेरी पाण्यानेच गेलीस.

पण पिंडाला कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे म्हणजे सरकारी नोकर, पोट भरलेलं, घाई कशाचीच नाही. भिंतीवर बसून बघतायत नुसते. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. भाऊ म्हणाला, "दाजी, तिचं काही राहिलंय. बोला ना काहीतरी." मी हात जोडून म्हटलं, रुचाला सांभाळीन. कावळा हलला नाही. भाऊ पुढे झाला. "ताई, दाजींला एकटं नाय सोडणार आम्ही. दर सणाला घिऊन जाऊ." कावळ्याने पंख झाडले आणि परत मिटले. मग रुचा पुढे आली. रडून रडून पोरीचा चेहरा सुजला होता. तिने पिंडासमोर डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "आई, तुझी बोट मी दुरुस्त करून घेईन. धरणात सोडीन. तुझं नाव घालीन तिच्यावर."

कावळा आला गं. थेट. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी हात जोडले, ज्यांचा नाही त्यांनीही जोडले. भाऊ ढसाढसा रडला.

कावळ्याला फायबरमधलं काय कळतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुझ्या आईच्या दहाव्याला तूच म्हणाली होतीस, कावळा भूक लागली की येतो. पण रुचाच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडी शांतता दिसली, आणि मी गप्प बसलो. त्या दिवसापासून ती बोटीचंच बोलतेय. पुण्याला ऑफिसात सांगून रजा वाढवलीय. मोटारीची चौकशी केलीय. नाव कुठल्या बाजूला घालायचं ते ठरवलंय. तिला आईसाठी हाताने काहीतरी करायचंय, आणि करण्यासारखं हे एकच उरलंय. तिला नाही म्हणायचं म्हणजे घाटावर दिलेला शब्द मी मोडायचा.

हो म्हणणं किती सोपं होतं ते तुला मी काय सांगू. या धंद्यात मुडद्याला नवरदेव करता येतो. मागच्या फळीवर बाहेरून दोन थर चढवायचे, वर पुट्टी, वर पॉलिश पेपर, वर तुझा निळा. आरशासारखी झाली असती. काठाकाठाने एक फेरी मारली असती, रुचाने फोटो काढले असते, आणि मग काहीतरी निमित्त काढून मी बोट कायमची शेडमध्ये लावली असती. रात्रंदिवस हेच डोक्यात होतं. कोणाला कळणार होतं?

आज हातोडी घेतली. रुचा समोर उभी, मोबाइल खिशात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी. नाकापासून सुरुवात केली. आणि शैला, नाक खणखणीत वाजलं. वरच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत, त्या मी अंगठ्याने दाबून बघितल्या, त्या नुसत्या रंगाच्या थरातल्या, खाली काही नाही. रुचा म्हणाली, "चांगलं आहे ना?" मी म्हटलं, "नाक चांगलं आहे." आपण किती मूर्ख असतो. तेवढ्यात मी मनात धरणावर जाऊन आलो. यावेळी तुझ्यासमोरच्या फळीवर मी होतो.

पुढे सरकलो. कुशी ठीक. मग बोट कलती करून तळाकडे गेलो. तळाला फोड आलेले. एक टोचला, आतून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा वास. फोड बरे करता येतात, मी स्वतःला म्हटलं. ठोकत मागे जात राहिलो.

रुचा म्हणाली, "बाबा, तुम्ही हळू मारताय."

"नाही."

"मघाशी जोरात मारत होतात. आता हळू मारताय."

माझा हात बघितला. खरंच हळू पडत होता. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला मी कधी असं फसवलं नाही, आणि इथे माझा हात मलाच फसवत होता. पुढे काय वाजणार ते त्याला माहीत होतं, म्हणून तो वाजूच देत नव्हता. मी हातोडी खाली ठेवली आणि बोटीला टेकून बसलो. रुचाने ती उचलली. मी शिकवलं नव्हतं तिला कधी. पण माठ वाजवणाऱ्या बाईची पोर आहे. मी थांबलो तिथून तिने सुरुवात केली, मागच्या फळीपर्यंत गेली, परत आली. मग तळातल्या आतल्या पट्ट्यांवर. लाकडाच्या त्या पट्ट्यांवरच तळ उभा असतो.

"बाबा, कसा येतोय आवाज?"

मी फोडातून आलेलं पाणी अंगठ्याने पुसत राहिलो.

"बाबा, सांगा ना. मला वेगळा वाटतोय. मातीवर मारल्यासारखा."

"ड्रिल आण," मी म्हटलं.

बारीक बिट लावून पट्टीला एक भोक पाडलं. चांगलं लाकूड असेल तर पांढरा कोरडा भुसा येतो. काळा चिखल आला. दुसऱ्या पट्टीला पाडलं, तिथेही तेच. मागच्या फळीला पाडायची गरजच पडली नाही. फळीच्या वरच्या कडेला, मोटारीच्या जुन्या बोल्टच्या भोकाशेजारी, दसऱ्याचं कुंकू वाळून काळं पडलं होतं. रुचाने नखाने ते खरवडलं. खाली खिळा होता. तोरणासाठी तू लावलेला. दोन बोटांनी धरला तर तो लोण्यात रुतल्यासारखा निघून आला, आणि त्याच्यामागून काळ्या पाण्याचा एक ओघळ.

तेव्हा मला तुझा तो दसऱ्याचा चेहरा कळला. तू हातोडीसुद्धा मारली नव्हतीस. अंगठ्याने खिळा दाबलास, तो आपसूक आत गेला, पाणी बाहेर आलं. ते तू पदराने पुसलंस आणि वर कुंकू लावलंस. म्हणजे बोट गेलेली आहे हे तुला दसऱ्यापासून माहीत होतं. आणि त्यानंतरही, सलाइन लावलेला हात माझ्यावर रोखून म्हणायचीस, उन्हाळ्यात बघा, पाण्यात सोडते की नाही. मी तावातावाने नाही म्हणायचो. आपण दोघं मिळून त्या उन्हाळ्याबद्दल भांडायचो. त्या बहाण्याने आपल्या बोलण्यात उन्हाळा तरी यायचा.

रुचाला सांगितलं. पट्ट्या, फळी, तळ, सगळं बदलावं लागेल. मग ती दुरुस्ती राहत नाही, जुनीच्या नावाने नवी बोट होते. आणि नाही बदललं तर ती माणूस घेऊन पाण्यात जायच्या लायकीची नाही. "तुझ्या आईला मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "ही नाही होणार."

तिला रडू फुटेल असं वाटलं होतं. तिने खिळा हातात फिरवला. बोटीच्या कडेवर बसली, जिथे माझ्याशी भांडताना तू बसायचीस. बोटीचं आता काय करायचं देव जाणे. भंगारवाला फायबर घेत नाही, जाळता येत नाही, मातीत पुरली तरी कुजत नाही. ते सगळं नंतर बघू. मी नुसता तिच्याकडे बघत होतो.

"आईला माहीत होतं, म्हणजे," ती म्हणाली.

"हो."

"मग बोटीसाठी ती अडली नव्हती."

"नाही."

"मग कशासाठी अडली होती, बाबा?"

मी म्हटलं, मला काय माहीत, कावळाच तो. ती हातपाय धुवायला आत गेली आणि मी इथे एकटा राहिलो, म्हणून आता सांगतो. कावळ्यावर माझा विश्वास नाही, तुझाही नव्हता. पण हॉस्पिटलात तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तो विनोदावर नेला होता. तू तो पुन्हा विचारला नाहीस. घाटावर उन्हात उभा राहून मी रुचाचं बोललो, भावाला बोलू दिलं, पोरीला बोटीचं बोलू दिलं. माझ्याकडे जे एकच सांगण्यासारखं होतं तेवढं सोडून सगळं.

बद्द वाजलं होतं, शैला. उजवीकडे, खाली. पहिल्याच टकटकीला मी ऐकलं होतं.